'से' : ल्वार नदीवरच्या पुलाचे गाणे



तीस वर्षे मी कामगार-संघटनेचे काम करीत आलो आहे. व्यासपीठावर उभा राहिलो तो बहुधा महागाईभत्ता, बोनस आणि कंत्राटी कामगार ह्याच विषयांवर बोलण्यासाठी. त्यामुळे ह्या मालेच्या चिटणिसांनी विषय विचारला आणि मी 'एक फ्रेंच गाणे' असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. संगीतातले मला कळत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे. परंतु हे गाणे जेमतेम तीन मिनिटांचे आहे, आणि त्या तीन मिनिटांमागे एका देशाच्या चार वर्षांचा इतिहास उभा आहे. त्या इतिहासाबद्दल बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्यालाही असावा, असे मी धरून चालतो.

गाण्याचे नाव 'से'. रोमन लिपीतल्या तिसऱ्या अक्षराला आपण 'सी' म्हणतो, फ्रेंच लोक 'से' म्हणतात. नाव म्हणून एवढे एकच अक्षर. कवी लुई आरागाँ, संगीतकार फ्रांसिस पूलँक, आणि साल १९४३. म्हणजे पॅरिसमध्ये जर्मन सैन्य बसलेले असतानाचे.

ह्या गाण्याशी माझी गाठ संगीताच्या वाटेने पडली नाही, ती कारखान्याच्या फाटकावरून पडली. मुंबईत भांडुपला मे अँड बेकर ह्या औषध कंपनीचा कारखाना होता. पुढे त्या कंपनीचे नाव रोन-पूलँक (इंडिया) झाले. आमच्या चळवळीत हे पहिले नाव एका खटल्यामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. औषध कंपनीचा प्रतिनिधी, जो पेटी घेऊन डॉक्टरांच्या दारोदार फिरतो, तो कायद्याच्या दृष्टीने 'कामगार' ठरतो की नाही, हा प्रश्न ह्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९६१ साली न्यायालयाने 'ठरत नाही' असा निर्णय दिला. त्या लोकांना संरक्षण मिळण्यासाठी १९७६ साली निराळा कायदा करावा लागला. हा निकाल अभ्यासताना मला कुतूहल वाटले की हे पूलँक कोण? कोशात पाहिले तर ह्या नावाच्या दोन नोंदी. एक कंपनीची आणि दुसरी संगीतकाराची. दोन्ही एकाच घरातल्या निघाल्या.

पूलँक बंधूंचा रसायनांचा आणि औषधांचा मोठा धंदा पॅरिसला होता. इंग्लंडमधली मे अँड बेकर त्यांनीच पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात आपल्या हाताखाली घेतली, आणि १९२८ साली रोन नदीकाठच्या दुसऱ्या एका रसायन कंपनीशी जोडणी होऊन रोन-पूलँक ही प्रचंड कंपनी तयार झाली. ह्या धंद्यातल्या एका भावाचा, एमिल पूलँक ह्यांचा, मुलगा म्हणजे आपला फ्रांसिस. जन्म ७ जानेवारी १८९९. आई हौसेने पियानो वाजवणारी, तिच्यामुळे मुलाला नाद लागला. बापाने मात्र सांगितले की आधी शाळा पुरी कर, मग संगीत. त्यामुळे तो पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात कधी गेला नाही, खासगी शिक्षकांकडे शिकला. हे वाचून मला क्षणभर आपलेपणा वाटला, पण तो फार वेळ टिकू दिला नाही. शाळा सुटलेल्या गिरणी कामगाराच्या पोराची आणि कारखानदाराच्या मुलाची वाट एक नसते. असो.

आता १९४० च्या जून महिन्यात चला, कारण गाणे तिथे सुरू होते.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा पश्चिमेकडे सुटल्या आणि पाच आठवड्यांत, १४ जूनला, त्या पॅरिसमध्ये शिरल्या. १० तारखेलाच फ्रेंच सरकारने राजधानी सोडली होती. ते तूरला गेले आणि तिथून बोर्दोला. सरकार पळाले म्हटल्यावर लोक कशाला थांबतात? बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधून लोंढे आधीच निघाले होते, त्यांत पॅरिस मिळाले. रस्त्यावर किती माणसे होती ह्याचे अंदाज ६० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहेत. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या ते आधी गेले, छपरावर गाद्या बांधून. मागून सायकली, शेतकऱ्यांच्या घोडागाड्या, हातगाड्या, पोरांच्या बाबागाड्यांत भरलेली भांडीकुंडी, आणि सर्वांत मागे पायी चालणारे. पेट्रोल संपले की मोटार रस्त्याकडेला ढकलून द्यावयाची आणि चालू लागायचे. वरून विमाने येऊन गोळ्या झाडीत. ह्या गर्दीत सुमारे ९० हजार मुले आईबापांपासून चुकली असा रेडक्रॉसचा अंदाज आहे. पुढे कित्येक महिने वर्तमानपत्रांत 'अमुक गावाजवळ हरवलेला, वय चार वर्षे' अशा जाहिराती येत राहिल्या.

ह्या सगळ्यांचे तोंड एका नदीकडे होते. ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी, सुमारे १,००० किलोमीटरची, आणि देशाला मधोमध आडवी कापीत पश्चिमेला समुद्राला मिळणारी. तिच्या दक्षिणेला पोचलो म्हणजे वाचलो, अशी लोकांची समजूत होती. सैन्यही तिथेच अडवणार असे बोलले जाई. सोम्यूरच्या घोडदळ शाळेतल्या विद्यार्थ्यांनी १८ ते २० जून असे तीन दिवस आपल्या भागातले पूल अडवून धरलेदेखील, शाळेतल्या सरावाच्या हत्यारांनिशी. पण त्याआधीच, १७ तारखेला, मार्शल पेतँने रेडिओवरून लढाई थांबवली पाहिजे असे जाहीर करून टाकले होते. २२ जूनला तहावर सही झाली.

सोम्यूरच्या खाली, आंजे शहराला लागून, ल्वार अनेक फाट्यांनी बेटांमधून वाहते. तिथे पुलांमागून पूल आहेत आणि गावाचे नावच 'ले पाँ द से', म्हणजे 'से येथील पूल'. नदीची वाट अडवणारे ठिकाण असल्याने तिथे पूर्वीही रक्त सांडले आहे. १६२० साली राजा तेरावा लुई आणि त्याची सख्खी आई ह्यांच्या फौजा इथेच भिडल्या. आईची फौज इतक्या झटपट उधळली की लोकांनी त्या लढाईला 'गंमत' असेच नाव ठेवले. १७९३ साली क्रांतिकारकांची आणि बंडखोर शेतकऱ्यांची गाठ ह्याच पुलांवर पडली. आणि १९४० च्या जूनमध्ये माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर हे पूल ओलांडून गेलेल्यांत एक बेचाळीस वर्षांचा सहायक डॉक्टर होता, लुई आरागाँ.

आरागाँची हकीकत एखाद्या कादंबरीत घातली तर वाचक ओढूनताणून आणली आहे म्हणेल. पॅरिसच्या एका माजी पोलीसप्रमुखाचा तो अनौरस मुलगा. घरात आईला 'बहीण' म्हणून वाढवला गेला, आणि पहिल्या महायुद्धावर निघताना त्याला खरे काय ते सांगण्यात आले. हा पोलीसप्रमुखाचा मुलगा पुढे कम्युनिस्ट झाला, पक्षाच्या बाजूच्या एका सायंदैनिकाचा संपादक झाला. १९३९ साली सरकारने ते पत्र बंद केले, आणि तेच सरकार चालवीत असलेल्या युद्धात हा गेला. डंकर्कच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला निसटला, तिथून ब्रेस्टला परत उतरला, पुन्हा मागे हटत हटत दक्षिणेला आला, कैद झाला, तिथूनही सुटला. त्याला शौर्यपदके मिळाली. पक्ष बंदीत आणि छातीवर पदक, अशी त्याची स्थिती होती.

त्याने ह्या पुलावर जी कविता केली ती अठरा ओळींची आहे. ओळीत आठ अक्षरे, दोनदोन ओळींची नऊ कडवी. फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंनी ती मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या वेळी माझ्यासारख्या भाषा न येणाऱ्याच्याही ध्यानात आले की प्रत्येक ओळ त्याच एका ध्वनीवर आपटते आहे: से, से, से. म्हणून नाव तेवढेच. अठराच्या अठरा ओळींना एकच यमक लावणे ही आपल्याकडे शाहिराच्या दृष्टीने करामत ठरेल, परंतु इथे ती करामतीसारखी वाटत नाही. पुलावरून जाताना एकेका फळीवर चाक आदळावे तशी वाटते. कविता पुलावर सुरू होते आणि पुलावरच संपते, पहिली ओळ हीच अखेरची ओळ. मध्ये कवीला एक जुने गाणे आठवते: घायाळ सरदार, वाटेवरचे फूल, वेड्या सरदाराचा वाडा, तळ्यातले हंस. आपल्याकडच्या आजीच्या ओव्यांत राजाराणी यावेत तसे. आणि मग एकाएकी नदीत उलथून पडलेल्या मोटारी दिसतात. देशाचे नाव येते ते अगदी शेवटी, तेही टाकून दिलेल्या प्रियेला मारलेल्या हाकेसारखे. शत्रूचे नाव तर कुठेच नाही.

हे मुद्दाम केलेले होते. आरागाँने १९४१ साली एका निबंधात मध्ययुगातल्या फ्रेंच कवींची एक युक्ती सांगितली. ते कवी बंद दारासारखी कविता रचीत. सरदाराच्या दरबारात, त्याच्याच देखत, त्याच्याच बायकोवरचे प्रेम गात, आणि ज्याला समजायचे त्यालाच ते समजे. जर्मनांच्या आणि त्यांना सामील झालेल्या पेतँ सरकारच्या देखत आज असेच लिहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. प्रेमकविता म्हणून तपासनीसाच्या टेबलावरून ती पुढे जाते आणि वाचणारा मनात प्रियेच्या जागी देश घालतो. हा निबंध आणि ही कविता एकाच पुस्तकात, 'एल्साचे डोळे' ह्या संग्रहात, १९४२ साली छापली गेली, आणि तीही फ्रान्सबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये.

आपल्याला ही युक्ती परकी वाटू नये. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड आठवा. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या मैनेसाठी झुरतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती मैना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, निपाणी. अण्णा भाऊंनी ते पुढे उघड बोलून दाखवले, कारण मैदानात हजारो लोक त्यांच्या बाजूचे होते. आरागाँला मैदान नव्हते.

आता पूलँककडे वळू. तोही १९४० च्या जूनमध्ये वर्दीत होता, बोर्दोकडे, विमानविरोधी तोफांच्या तुकडीत. तहानंतर सैन्यातून सुटला आणि शरद ऋतूत आपल्या न्वाझे गावच्या घरी परतला. हे घर तूरजवळ, ल्वारच्याच खोऱ्यात. ज्या नदीवर आरागाँचे पूल, तीच नदी आधी पूलँकच्या गावावरून वाहत येते. राजकारणाने तो डावा नव्हता. १९३६ साली फ्रान्समधले कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले, चाळीस तासांचा आठवडा आणि पंधरवड्याची पगारी रजा त्यांनी मिळवली, आणि लाखो लोक आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला गेले. त्याच उन्हाळ्यात हे गृहस्थ रोकामादूर ह्या तीर्थाला गेले आणि पुन्हा श्रद्धाळू कॅथलिक झाले. आरागाँच्या आणि ह्याच्या मतांत एवढे अंतर. पण परक्या सत्तेची चीड दोघांना सारखीच होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑपेरात पूलँकचे एक नृत्यनाट्य झाले. प्रेक्षकांत जर्मन अधिकारी होते, आणि वाद्यवृंदात त्याने एका जुन्या गाण्याची चाल दडवून ठेवली होती. 'अल्सास आणि लोरेन तुम्हांला मिळणार नाही' असे जर्मनांना बजावणारे ते गाणे. फ्रेंच वादक गालातल्या गालात हसत होते. १९४३ च्या उन्हाळ्यात त्याने पॉल एल्यूआरच्या गुप्तपणे पसरलेल्या कवितांवर मोठी समूहरचना केली. ती व्याप्त पॅरिसमध्ये गाणे अशक्यच होते, प्रकाशकाने चोरून छापली, आणि पहिल्यांदा गायली गेली १९४५ साली लंडनच्या रेडिओवर, इंग्रजीत. त्याच मोठ्या कामाच्या पाठोपाठ, सप्टेंबर-ऑक्टोबर १९४३ मध्ये, न्वाझेला हे छोटे 'से' झाले.

त्या दिवसांत फ्रान्समध्ये माझ्या धंद्यातली माणसे काय करीत होती, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४० च्या नोव्हेंबरात कामगार महासंघ बरखास्त झाला होता आणि १९४१ च्या सनदेने संप बेकायदा ठरवला होता. तरी त्याआधी, मे-जून १९४१ मध्ये, उत्तरेकडच्या कोळसा खाणींत सुमारे एक लाख खाणकामगारांनी संप केला. भाकरी कमी पडते, साबण मिळत नाही, ह्या मागण्या. दोनशेंहून अधिक लोकांना जर्मनीतल्या छळछावणीत धाडले गेले. १६ फेब्रुवारी १९४३ ला सक्तीच्या मजुरीचा कायदा आला आणि विशीबाविशीतली पोरे आगगाड्यांत भरून जर्मन कारखान्यांकडे जाऊ लागली. एकंदर सहा लाखांहून अधिक फ्रेंच मजूर असे नेले गेले. बरेच तरुण गाडी चुकवून डोंगरात पळाले, आणि त्यांतून सशस्त्र टोळ्या वाढल्या. पूलँक पियानोवर बसला तेव्हा बाहेर हे चालले होते, आणि कवी खोट्या नावाने दक्षिणेत भूमिगत होता.

गाण्याबद्दल मी सांगतो ते ऐकणाऱ्याचे म्हणून घ्या. साथीला फक्त पियानो. चाल संथ, पण थांबणारी नव्हे. पियानोचे सूर एकसारखे हालत राहतात. पाश्चात्त्यांच्या लिपीत ज्या पट्टीत ते लिहिले आहे, तिथे सातही स्वरांपुढे स्वर उतरवल्याची खूण असते. हे मला एका जाणत्याने कागदावर दाखवले. जुन्या गाण्यातले सरदार आणि हंस येतात तिथे चाल बालगीतासारखी साधी राहते. मोटारींशी आल्यावर भार वाढतो. आणि देशाला हाक मारण्याची जागा येते तेव्हा आपली अपेक्षा असते की आता गायक छाती भरून ओरडणार. आमच्या मोर्चातला कोणीही तिथे ओरडला असता. पूलँकने तिथे सूर वर चढवला आहे खरा, पण तो अगदी हळू घ्यायला लावला आहे. शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे, त्याला जाग येऊ नये, अशा बेताने. मग पुन्हा पूल, आणि गाणे हलक्या आवाजातच संपते. ह्याला जोडून त्याच कवीचे दुसरे एक गाणे त्याने केले, ते भरभर म्हणायचे, थट्टेखोर, कॅफेत शोभणारे. त्याविषयी मला विशेष काही म्हणायचे नाही.

डिसेंबर १९४३ मध्ये पॅरिसच्या 'साल गाव्हो' ह्या सभागृहात गायक पिएर बेर्नाक आणि पियानोवर स्वतः पूलँक ह्यांनी ते पहिल्यांदा सादर केले. योगायोग असा की त्याच महिन्यात उत्तर आफ्रिकेत ट्युनिसजवळ विन्स्टन चर्चिल न्यूमोनियाने आजारी पडले आणि त्यांना ज्या औषधाच्या गोळ्या दिल्या त्या मे अँड बेकरच्या, 'एम अँड बी ६९३'. आपल्याकडेही त्या काळी न्यूमोनियावर ह्या गोळ्या मोठ्या नावाजलेल्या होत्या. तेव्हा पूलँक हे घराणे त्या महिन्यात दोन ठिकाणी कामाला आले म्हणायचे, आणि दोहोंपैकी कुठल्याही ठिकाणच्या माणसाला दुसऱ्याची खबर नव्हती.

ह्या गाण्याविषयी लिहिणारे काहीजण 'ह्या गाण्याने शत्रूशी लढा दिला' असे म्हणतात. मला ते पटत नाही. लढा खाणकामगारांनी दिला, तोही अडीच वर्षे आधी, आणि त्याची किंमत मोजली. साल गाव्होत तिकीट काढून बसलेल्या लोकांना घरी जाताना कोणी पकडले नाही. गाण्याने एकही आगगाडी थांबली नाही. परंतु 'हे तर दिवाणखान्यातले गाणे' म्हणून मी ते बाजूलाही टाकू शकत नाही, आणि त्याचे कारण माझ्या घरातले आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वडील साचेखात्यात होते. अडीच लाख माणसे बाहेर पडली. पहिले काही महिने चाळीत रोज पोवाडे आणि गाणी. आम्हां पोरांना सगळी तोंडपाठ होती. मग एकेक बिऱ्हाड एस. टी.ने गावी जाऊ लागले. आमचेही गेले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, त्यामुळे अमुक दिवशी हरलो असे म्हणायलाही जागा राहिली नाही. वडील त्या प्रवासाबद्दल पुढे अवाक्षर बोलले नाहीत. आमच्याजवळ निघतानाची गाणी पुष्कळ होती, लढतानाचीही होती. परततानाचे एकही नव्हते. संघटनेत आल्यावर मी स्वतः तीन संप हरलेले पाहिले, आणि दर वेळी फाटकापुढच्या शेवटच्या सभेत आम्ही जिंकण्याचीच गाणी म्हटली. समोर बसलेल्यांचे चेहरे मला दिसत होते. ते म्हणत नव्हते.

'से' हे परततानाचे गाणे आहे. हरलो हे ते लपवीत नाही, आणि हरलेल्यांना दोषही देत नाही. हत्यारे निकामी झाली, डोळे नीट पुसले गेले नाहीत, पूल ओलांडून आलो, एवढेच ते सांगते. ज्यांनी १९४० चा तो रस्ता पायांनी तुडवला होता, त्यांच्यापुढे तीन वर्षांनी भर सभागृहात हे म्हटले गेले. त्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण घरीसुद्धा त्या रस्त्याविषयी बोलले नसतील, असे मला माझ्या वडिलांवरून वाटते.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या कचेरीत चारपाच निवृत्त गिरणी कामगार बसले होते. मी मोबाइलवर त्यांना हे गाणे लावून दाखवले आणि अर्थ सांगितला. त्यांतले एक आजोबा, वय ऐंशीच्या वर, पूर्वीचे कांडीखात्यातले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, तो पूल ओलांडून गेला ते कळलं. पण तो परत आला का?"

मी म्हटले, आला. १९४४ साली पॅरिस मोकळे झाल्यावर आरागाँ परत आला, बंद पडलेले त्याचे सायंदैनिक पुन्हा निघू लागले आणि तो त्याच्या कामाला लागला. पूलँक १९६३ च्या जानेवारीत वारला. आरागाँ खूप जगला, २४ डिसेंबर १९८२ पर्यंत.

"ब्याऐंशी," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी गाणे पुन्हा लावायला सांगितले.